सिंहगड-राजगड-तोरणा पळत करायचंय, तर पायात काय घालावं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही पुण्यात रस्त्यावर पळता, काही अर्धमॅरेथॉन झाल्या आहेत, साताऱ्याची हिल मॅरेथॉनही जाड गादीच्या रोड शूजवर निभावली. आता डिसेंबरात एसआरटी, म्हणजे सिंहगड-राजगड-तोरणा ही डोंगरवाटेची शर्यत, सुमारे ५३ किलोमीटर पळायचं ठरवलंय. बजेट आठ-दहा हजार. एक मित्र म्हणतो होका कंपनीचेच घे, दुसरा म्हणतो सॉलोमन स्पीडक्रॉसशिवाय घसाऱ्यावर निभाव लागायचा नाही, आणि ट्रेकिंग करणारे काका म्हणतात, "अ‍ॅक्शनचे बूट घाल नि जा, कशाला एवढे पैसे घालवतोस?" शिवाय दोन उपप्रश्न आहेत: वॉटरप्रूफ घ्यावेत का, आणि मध्ये बदलायला दुसरा जोड ठेवावा का.

तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. फक्त तिघांच्या डोळ्यांसमोर तीन वेगळ्या वाटा आहेत. होकावाला मित्र लांब अंतराचा विचार करतोय, स्पीडक्रॉसवाला बहुतेक पावसाळ्यातल्या चिखलाचा, आणि काका पाठीवर सॅक घेऊन चालणाऱ्या माणसाचा. तुम्हाला मात्र तीन गड चढायचे आहेत आणि मुख्य म्हणजे तिन्ही उतरायचे आहेत, तेही डिसेंबरच्या कोरड्या, कडक जमिनीवर. शेवटचा उतार येईल तेव्हा पाय सुजलेले असतील आणि मांड्यांमध्ये ब्रेक लावायची ताकद उरलेली नसेल. म्हणून माझ्या मते खरा प्रश्न कंपनीचा नाही. तोरण्यावरून वेल्ह्याला उतरताना तुमचा थकलेला पाय कोणत्या बुटात जागच्या जागी बसून राहील, एवढंच शोधायचं आहे. मी बूट निवडतो तो उतारासाठी. चढ कसल्याही बुटावर होतो, कारण चढावर आपण बहुतेक चालतच असतो.

आधी वाट बघू, कारण साताऱ्याच्या अनुभवावरून तुम्ही जो अंदाज बांधलाय तो इथे चालणार नाही. साताऱ्याला घाट आहे, चढ आहे, पण पायाखाली डांबर आहे. प्रत्येक पाऊल जवळपास सारखंच पडतं. एसआरटीत सिंहगडावर चढताना दगडमातीची, हजारो पायांनी गुळगुळीत झालेली वाट आहे. कल्याण दरवाज्यातून उतरलं की उतरती डोंगरधार, गवत, मुरूम. विंझरच्या बाजूला खाचरं, बैलगाडीची वाट आणि डांबरी रस्ता. मग गुंजवण्याहून राजगडाचा खडा चढ. राजगडावरून संजीवनी माचीच्या अळू दरवाज्यातून बाहेर पडून तोरण्याकडे जाणारी लांबलचक धार, तिच्यावर कातळ, आडव्या निसरड्या पायवाटा आणि कमरेएवढं वाळलेलं गवत. पुढे बुधला माचीच्या अंगाने तोरण्यावर चढायचं, आणि १४०३ मीटरच्या त्या गडावरून बिनी दरवाज्याच्या वाटेने वेल्ह्यात उतरायचं. मार्गात आयोजक थोडाफार फरक करू शकतात, तेव्हा तुमच्या वर्षाचा नकाशा नीट बघा. पण पायाखालच्या जमिनीचा स्वभाव हाच राहणार: थोडं डांबर, थोडी माती आणि बाकी सगळा बेसाल्ट, कुठे अखंड कातळ तर कुठे त्याचा झालेला भुगा.

हा भुगाच सगळ्यात जास्त लोकांना पाडतो. उतारावर खाली दगडासारखी घट्ट जमीन आणि वर मुरमाचे सुटे खडे, म्हणजे फरशीवर ज्वारी सांडावी तसा प्रकार. परदेशी यूट्यूबवाले ज्या पायवाटांवर बूट तपासतात त्या बहुतेक मऊ मातीच्या, जंगलातल्या असतात. त्यांचा "ग्रिप जबरदस्त" हा शेरा आपल्या मुरमाला लागू पडेलच असं नाही.

आता बुटाकडे येऊ. पहिलं माप, मग सोल, मग स्थिरता आणि सगळ्यात शेवटी गादी. दुकानात लोक नेमकं उलट करतात. आधी अंगठ्याने गादी दाबून बघतात, मग रंग बघतात आणि माप म्हणून "मला आठ नंबर लागतो" एवढंच सांगतात.

आठ नंबर म्हणजे काहीच नाही. एका कंपनीचा आठ दुसरीच्या साडेसातला मिळतो आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक पडतो. बूट घ्यायला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. जे मोजे घालून पळणार तेच घालून जा. बुटातलं इनसोल, म्हणजे आतली सुकतळी, बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर पूर्ण वजन टाकून उभे राहा. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे. सगळ्यात लांब बोट म्हणजे अंगठाच असं धरून चालू नका, अनेकांचं शेजारचं बोट लांब असतं. मग बाजू बघा. चवडा किंवा करंगळी सुकतळीच्या बाहेर सांडत असेल तर तो बूट तुमच्यासाठी अरुंद आहे, आणि अर्धा नंबर वाढवून हे दुखणं जात नाही. लांबी वाढते, टाच सैल होते, करंगळी दाबलेली ती दाबलेलीच राहते. आपल्याकडे बऱ्याच जणांचं आयुष्य चपलेत गेलेलं असतं, बोटं पसरलेली असतात. त्यामुळे बुटाची पुढची बाजू रुंद असणं ही चैन समजू नका.

रोड शूजपेक्षा ट्रेलचा, म्हणजे डोंगरवाटेवर पळायचा, बूट अर्धा नंबर मोठा घ्यावा असं सर्रास सांगितलं जातं. बहुतेकांना ते लागू पडतं, कारण इतके तास पळाल्यावर पाय चांगलाच फुगतो. पण तुमचे रोड शूज आधीच मोकळे असतील तर आणखी वाढवू नका. फार मोठ्या बुटात पाय उतारावर पुढे सरकतो आणि बोटं टोकाला आपटतात. नखं काळी पडतात ती बूट लहान असल्यामुळेच असं नाही, टाच सैल असल्यामुळेही पडतात. म्हणून टाचेची परीक्षा वेगळी घ्या. लेस बांधा, दुकानात पायरी किंवा रॅम्प असेल तर त्यावर खाली तोंड करून उभे राहा आणि पाय जोरात पुढे दाबा. नाहीतर बुटाचं टोक जमिनीवर तीन-चार वेळा ठोका. बोट पुढे लागलं तर एक तर बूट लहान आहे किंवा टाच धरली जात नाही. जिना उतरून दाखवतो म्हणालात तर दुकानदार हसेल. हसू द्या.

टाच धरून ठेवायला लेस बांधण्याची एक पद्धत आहे, ती आत्ताच शिकून घ्या. बुटाच्या सगळ्यात वरच्या टोकाला, घोट्याजवळ, एक जादा भोक असतं. बहुतेकांनी त्यात कधी लेस घातलेलीच नसते. खालच्या भोकातून आलेली लेस त्याच बाजूच्या त्या जादा भोकात बाहेरून आत घाला, पण पूर्ण ओढू नका, छोटा फास राहू द्या. दोन्ही बाजूंना असे फास झाले की डावी लेस उजव्या फासातून आणि उजवी डाव्या फासातून काढा, मग दोन्ही टोकं खाली-मागे ओढून नेहमीची गाठ मारा. टाच खोबणीत बसल्यासारखी होते आणि पायाच्या वरच्या भागावर दाबही येत नाही. कल्याण दरवाज्यात पोचलात की एक मिनिट थांबून लेस अशी पुन्हा आवळून घ्या. त्या मिनिटात चार लोक पुढे जातील. जाऊ द्या, पुढे उतारावर तेच बसलेले दिसतील.

आता सोल. स्पीडक्रॉसची बाजू घेणाऱ्या मित्राशी माझा वाद इथे आहे. त्या बुटाचे दात, म्हणजे लग्ज, खोल आणि एकमेकांपासून लांब आहेत. चिखलात ते रुततात आणि मधल्या जागेतून चिखल गळून पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये मावळात पळायचं असेल तर मी स्वतः तसेच बूट घालायला सांगेन. पण दाताला रुतायला मऊ जमीन लागते. कडक जमिनीवरच्या सुट्या खड्यांमध्ये तो रुतत नाही, आणि कातळावर तर सगळा भार त्या मोजक्या टोकांवर येतो. रबराचा खडकाला होणारा स्पर्श कमी, म्हणून पकडही कमी. शिवाय उंच दात कडक जमिनीवर वाकतात. तो डळमळीतपणा उतारावर गुडघ्याला जाणवतो.

डिसेंबरच्या एसआरटीला साधारण ४ मिलिमीटरच्या आसपासचे, एकमेकांजवळ असलेले दात पुरतात. ५ असले तरी बिघडत नाही, जर रबर चांगलं असेल. टाचेकडच्या दातांची तोंडं उलटी, म्हणजे मागे खेचून धरणारी आहेत का बघा, उतारावर ब्रेक तेच लावतात. रबर हा दातांपेक्षा महत्त्वाचा भाग आहे आणि तो दिसत नाही. मऊ रबर कातळाला चिकटतं पण लवकर झिजतं. कडक रबर वर्षानुवर्षं टिकतं आणि ओल्या दगडावर दगा देतं. व्हायब्रम मेगाग्रिप हे नाव याच कारणासाठी ऐकू येतं, ते ओल्या आणि कोरड्या दोन्ही दगडांवर धरतं. पण इतर कंपन्यांची स्वतःची रबरंही चांगली आहेत. दुकानात मी सोलवर अंगठ्याचं नख रोवून बघतो. जराही रुतत नसेल, प्लॅस्टिकसारखं टणक लागत असेल, तर तो बूट मी खाली ठेवतो. ही काही प्रयोगशाळेतली चाचणी नाही, पण अगदी वाईट माल यातून बाजूला पडतो.

स्थिरता आणि गादी हे दोन्ही एकत्र बघावे लागतात, कारण ते एकमेकांच्या विरुद्ध खेचतात. गादी जितकी जाड, तितका पाय जमिनीपासून उंच, आणि जितका उंच तितका घोटा मुरगळायला सोपा. राजगड ते तोरणा धारेवर बराच वेळ वाट डोंगराच्या पोटातून आडवी जाते. म्हणजे पाऊल सपाट पडतच नाही, एका कडेवर पडतं. अशा जागी जाड आणि मऊ सोल एका बाजूला दबतं, पाय बुटात तिरका होतो, आणि चवड्याच्या बाहेरच्या कडेला फोड येतो. तुमचे सध्याचे रोड शूज नेमके इथे नापास होतील. ते फाटणार नाहीत, तुम्ही मेलात असंही नाही, पण त्या धारेवर तुम्ही पळण्याऐवजी पाय कुठे टाकू याच विचारात राहाल.

दुसरी बाजू अशी की गादी लागतेच. विंझरच्या आसपासचं डांबर आहे, आणि दुपारनंतर प्रत्येक दगड तळव्याला मोजता येतो. पातळ सोलचे, हलके, शर्यतीचे बूट पुढे पळणाऱ्यांना शोभतात. ते लवकर संपवतात आणि त्यांची पावलं नेमकी पडतात. तुम्ही पहिल्यांदा जाताय, दिवसभर पायांवर असणार आहात, तेव्हा मध्यम गादी घ्या. सोलमध्ये दगड टोचू नये म्हणून बसवलेली पातळ पट्टी असेल, ज्याला रॉक प्लेट म्हणतात, तर उत्तम. बूट हातात घेऊन तो पिळून बघा. चवड्यापाशी वाकला पाहिजे, पण फडक्यासारखा पिळला जाता कामा नये.

वजनाचं फार मनावर घेऊ नका. बुटाला १०० ग्रॅम वाढले की पळताना साधारण १ टक्का ऊर्जा जास्त लागते, असं प्रयोगांतून दिसलेलं आहे. लांब अंतरावर तो टक्काही जाणवतो, पण फोड आलेल्या पायाने लंगडत उतरण्याची किंमत कितीतरी जास्त आहे.

टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक, ड्रॉप, याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगायला हवं. तुमचे रोड शूज बहुधा ८ ते १० मिलिमीटर ड्रॉपचे असतील. अल्ट्रा लोन पीकसारखे बूट शून्य ड्रॉपचे असतात. पुढे भरपूर रुंद, बोटांना मोकळीक, मला स्वतःला फार आवडतात. पण टाच खाली गेली की पोटरी आणि टाचेमागची शीर जास्त ताणली जाते, आणि सिंहगडाचा चढ मुळात त्यांनाच पिळतो. शून्यावर यायचं तर काही महिने हळूहळू यावं. शर्यत तोंडावर असताना हा बदल करू नका. ४ ते ८ च्या दरम्यान काहीही चालेल, आणि ४ चा घेतलात तर पहिले काही आठवडे पोटरीकडे लक्ष ठेवा.

वॉटरप्रूफ नको. डिसेंबरात पाऊस नसतो. पहाटे गवतावर दव असतं, मोजे ओले होतात, आणि उजाडून तासाभरात वाळतात, जर बुटाला हवा असेल तर. गोर-टेक्सच्या, म्हणजे पाणी अडवणारा पातळ थर असलेल्या, बुटात बाहेरचं पाणी येत नाही हे खरं, पण दुपारी तुमचा घाम बाहेर पडत नाही, आणि वरून गळ्यातून पाणी शिरलं तर आतच साठून राहतं. ओली कातडी घासली की फोड येतो. हिवाळी सह्याद्रीत जाळीचा, हवा खेळणारा बूट बरा.

मात्र जाळी बारीक विणीची हवी, आणि याचं कारण परदेशी परीक्षणांत कुठे सापडणार नाही: कुसळं. डिसेंबरात गवत वाळतं, त्याची कुसळं सुटतात, आणि मोठ्या भोकांच्या जाळीतून सरळ आत शिरतात. मी बरीच वर्षं पाणवठ्याच्या टप्प्यावर मदतीला उभा राहतो. धावपटू येतो, म्हणतो टाचेला काहीतरी टोचतंय. बूट काढून बघावं तर मोजा कुसळांनी शिवल्यासारखा झालेला असतो. बाहेरून ओढून निघत नाहीत, कारण कुसळ एकाच दिशेने सरकतं. मोजा उलटा करून आतल्या बाजूने एकेक उपटावं लागतं. पाचेक मिनिटं तिथेच जातात, आणि तोवर एखादं कातडीत घुसलेलं असतं. छोटे गेटर, म्हणजे घोट्यावरून बुटावर ओढायचं कापडी आवरण, हा यावर स्वस्त उपाय आहे. घसाऱ्यातले खडेही त्याने आत येत नाहीत. शिवता येत असेल तर जुन्या लायक्राच्या टाइट्सचे घरी होतात.

आता काकांच्या अ‍ॅक्शनबद्दल. या बुटांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही. सह्याद्रीतल्या ट्रेकर्सच्या पिढ्या त्यांच्यावर वाढल्या, कातळावर ते धरतात, आणि एका ट्रेल शूच्या किमतीत घरातल्या सगळ्यांना येतील. गडवाट चालायला उत्तम. पण ते चालायचे बूट आहेत. पळताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दुपटीहून जास्त भार पायावर येतो आणि त्या सोलमध्ये तो झेलायला फारसं काही नाही. शिवाय ते जड आहेत आणि जाळी कमी. तुम्ही म्हणालात की मी सगळं अंतर चालणार आहे, वेळमर्यादेत बसलं तर बसलं, तर मी म्हणेन घाला अ‍ॅक्शन. पळायचं असेल तर नको.

कशावर काय अवलंबून आहे तेही स्पष्ट सांगतो. तुमचं वजन ऐंशीच्या पुढे असेल तर गादी थोडी वाढवा आणि खूप मऊ फोम टाळा, तो दुपारपर्यंत चेपतो. घोटा पूर्वी मुरगळलेला असेल तर जाडी कमी करा आणि तळ रुंद घ्या. उंच गळ्याचे बूट घेऊन घोटा वाचेल असं वाटत असेल तर तो भरवसा धरू नका. एका पायावर उभं राहण्याचे व्यायाम जास्त उपयोगी पडतात. पाय अरुंद असेल तर सॉलोमन आणि ला स्पोर्टिव्हा यांचे साचे तुम्हाला बसतील. रुंद असेल तर अल्ट्रा, किंवा ज्या कंपन्या वाइड माप देतात त्या बघा.

एवढं ऐकल्यावर नावं हवीतच, तर माझं मत. मित्राने सुचवलेल्या होकाचा स्पीडगोट हा बूट मुळात चांगला आहे. जाड असूनही तळ रुंद आहे आणि रबर मेगाग्रिप आहे. नवी आवृत्ती बजेटच्या वर जाईल, आधीच्या आवृत्त्या सेलमध्ये खाली येतात. पण पाय रुंद असेल तर घालून बघितल्याशिवाय घेऊ नका. सॉकनी पेरेग्रिन गादीने कमी, जमिनीजवळचा, ४ मिलिमीटर ड्रॉपचा. आपल्या धारांवर मला तो जास्त भरवशाचा वाटतो. डेकॅथलॉनचे ट्रेल शूज बजेटमध्ये आरामात बसतात, दुकानात घालून पळून बघता येतात, आणि पहिल्या एसआरटीला कमी पडत नाहीत. तुमच्या जागी मी असतो तर आधी तिथे जाऊन दोन-तीन मॉडेल पायात घातली असती, आणि त्यातलं एक नीट बसलं तर शोध तिथेच थांबवला असता. उरलेल्या पैशांत चांगले मोजे आणि गेटर.

म्हणजे क्रम असा झाला: पायाला बसणारा आणि पुढे मोकळा साचा, घट्ट टाच, मध्यम दात आणि चिकट रबर, जमिनीपासून फार उंच नाही, बारीक जाळी. यात बसणाऱ्या चार बुटांपैकी कुठलाही घ्या, ब्रँडवरून भांडायची गरज नाही.

बूट घेऊन झाल्यावर खरं काम सुरू होतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला घ्या, म्हणजे हाताशी दोन महिने राहतात. पहिल्या फेऱ्या वेताळ टेकडीवर मारा, पण त्यावरून शितावरून भाताची परीक्षा करू नका. तिथे उतारच फार नाहीत. मग सिंहगड पायवाटेने वर आणि खाली, आणि खाली येताना न थांबता पळत. पायथ्याला आल्यावर बूट-मोजे काढा आणि पाय नीट बघा: नखाच्या टोकाला दुखतंय का, टाचेच्या आतल्या बाजूला लाल चट्टा आहे का, करंगळीवर दाबाची खूण आहे का. लाल चट्टा म्हणजे पुढच्या वेळचा फोड. त्या जागी आधीच चिकटपट्टी लावून परत पळून बघा.

पुढची परीक्षा कात्रज-सिंहगड. त्याच्यासारखी परीक्षा पुण्याजवळ दुसरी नाही. टेकड्या एकामागून एक, प्रत्येकीचा उतार मुरमाचा, आणि बूट घसरतो की धरतो हे तिसऱ्या उतारावर आपोआप कळतं. लोक हा ट्रेक रात्री करतात. तुम्ही पहाटे निघून उजेडात करा, पाय कुठे पडतोय ते दिसलं पाहिजे. गवत वाळल्यावर, नोव्हेंबरात, एकदा राजगड-तोरणा धार करून या. गाठीला कोणीतरी घ्या, पाणी भरपूर घ्या, कारण धारेवर पाण्याचा भरवसा नाही. एवढ्यात बूट पटला नाही तर बदलायला वेळ आहे. शेवटच्या तीन आठवड्यांत मात्र नवं काही नको, अगदी मोजेसुद्धा.

आणि कपाटात पडून राहिलेला जुना ट्रेकिंगचा जोड काढून ऐनवेळी घालायचा मोह झाला तर टाळा. आपल्या दमट हवेत नुसता ठेवलेला बूटही खराब होतो. काही सोल आतून भुसभुशीत होतात, डिंक सुटतो, बाहेरून काही दिसत नाही, आणि पहिल्याच उतारावर सोल तोंड उघडतं. टप्प्यावर आम्ही असे बूट दोरीने आणि चिकटपट्टीने बांधून दिलेले आहेत. बांधलेला बूट गावापर्यंत पोचवतो, पुढचा गड नाही. डक्ट टेपची हातभर पट्टी पाण्याच्या बाटलीला गुंडाळून ठेवा, वजन काहीच नाही.

मोजे सुती नकोत. सुती मोजा घाम पितो आणि ओला राहतो. सिंथेटिक किंवा मेरिनो लोकर, पातळ ते मध्यम, टाचेला नीट बसणारे. बोटांच्या मध्ये फोड येत असतील तर पाच बोटांचे मोजे वापरून बघा, दिसायला विचित्र पण काम करतात. पळायच्या तीन-चार दिवस आधी नखं सरळ कापा आणि कडा घासून घ्या. नखाच्या टोकावर बोट फिरवल्यावर काही अडकायला नको.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, दुसऱ्या जोडाचा. सामान मध्ये पोचवायची सोय आहे का ते आयोजकांना विचारा, पण असली तरी मी बूट बदलायला सांगणार नाही. फुगलेला पाय दुसऱ्या बुटात नव्या जागी घासतो आणि ज्या जागा आतापर्यंत ठीक होत्या त्या दुखायला लागतात. पहिला बूट फाटला तर गोष्ट वेगळी. त्याऐवजी एका छोट्या पिशवीत कोरडे मोजे, एक रुमाल, थोडं व्हॅसलीन आणि चिकटपट्टी ठेवा. राजगडाचा चढ सुरू करण्याआधी खाली बसा, दोन्ही बूट काढून झटका, पाय पुसून कोरडे होऊ द्या, मोजे बदला, आणि लेस अगदी खालच्या भोकापासून पुन्हा ओवत या. तोवर पाय फुगलेला असतो, म्हणून पुढच्या भागात सकाळपेक्षा थोडी सैल ठेवा आणि घोट्याजवळ तेवढीच घट्ट. चढ संपून संजीवनी माचीकडे वळलात की ती गाठ एकदा तपासा.